धाकलूच्या हातची मेढ

धाकलूचं नाव निघालं की लोक अजून म्हणतात, काय हात होता माणसाचा! मी गप्प बसतो. हात होता, ते मी नाकारत नाही. त्या हाताने उपटलेली, लावलेली, वाढवलेली झाडं कित्येक वर्षं माझ्याच टेम्पोतून ठाण्याला गेली. पण देवाने माणसाला हाताबरोबर तोंडही दिलंय. ते कधी मिटायचं आणि कधी उघडायचं हे ज्याला साधलं नाही, त्याचं कौतुक मला जमत नाही.

मी सापगावचा महेंद्र, बौद्धवाड्यातला. धाकलू उंबरमाळी स्टेशनच्या वरच्या पाड्यावरचा. बुटका, रुंद छातीचा, कमरेला कोयता, आणि बोलायला लागला की समोरच्याला श्वास घ्यायची उसंत नाही. त्याचं काम ऐकून नवखी माणसं हसायची. तो भिंतीतली झाडं काढायचा.

वड, पिंपळ, पायर, नांद्रुक ही सगळी उंबराची भावंडं. पाखरं फळं खातात, भिंतीवर बसून घाण करतात आणि त्या घाणीतून रोप वर येतं. विहिरीच्या चिऱ्यात, रस्त्याच्या मोरीत, न्हाणीघराच्या कोपऱ्यात. दोन पावसाळे गेले की भिंत उकलायला लागते. पण पिंपळाला हात लावायचा कोणी? घरमालक लावत नाही आणि त्याची बायको लावू देत नाही. मग शहापूरपासून मुरबाडपर्यंत लोक धाकलूला बोलावणं धाडायचे. तो यायचा, झाडापुढे हात जोडून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचा, नारळ मागून घ्यायचा आणि छिन्नीने चुना खरवडत रोप मुळासकट सोडवायचा. नारळ संध्याकाळी त्याच्या बायकोच्या, मंगळीच्या, कालवणात जायचा.

"पुटपुटतोस काय रे, दादा?" मी एकदा विचारलं.

"काय नाय. मालकाला बरं वाटतं," तो म्हणाला आणि पोट धरून हसला. तेव्हा मीही हसलो होतो.

ही काढलेली झाडं तो आधी ओढ्याच्या कडेला टाकून द्यायचा. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमारास ठाण्याच्या गुप्तेबाई शहापुरात कुणा नातेवाइकांकडे आल्या होत्या. तिथल्या विहिरीतून धाकलू एक नांद्रुक काढत होता. बुंधा मुठीएवढा जाड आणि उंची जेमतेम हातभर. वर्षानुवर्षं चिऱ्यांत अडकून झाड म्हातारं झालं होतं, पण वाढलं नव्हतं. बाईंनी ते मागून घेतलं. बाईंना बोन्सायचा नाद होता आणि त्यांच्या ओळखीत तसलेच नादिष्ट लोक पुष्कळ होते. तिथून धाकलूचं नशीब बदललं आणि माझ्या टेम्पोलाही कायमचं भाडं लागलं.

बाई शिकवायच्या, हा शिकायचा. हा सांगायचा, बाई ऐकायच्या. दोघं कडाकडा भांडायचीही. धाकलूच्या अंगणात मग कुंड्याच कुंड्या झाल्या. पायरीच्या रोपाखाली तो कौल घालायचा, म्हणजे मुळं खाली न जाता चहूकडे पसरतात. नांद्रुकाची मुळं दगडावर सुतळीने बांधून ठेवायचा. जाड फांद्या तोडून, चीक गळू देऊन, त्या जगवायचा. फांदीच्या बुडाला लावायला बाईंनी त्याला एक पांढरी पावडर आणून दिली होती, तिने मुळं लवकर सुटतात. ती डबी तो घरात देवाच्या फळीवर ठेवायचा. धाकलूची एकुलती एक मुलगी रुपा. तिला त्या डबीची सगळी माहिती. बाप फांदीची साल खरवडायचा आणि रुपा बोटाने पावडर लावायची.

नव्याण्णव साली वैशाखात रुपाचं लग्न ठरलं. मुलगा हरेश, किन्हवलीच्या पुढे मुरबाड तालुक्यातला. त्याला वडील नव्हते. आई हिराबाई करारी बाई, शेती तीच बघायची. हरेश मुरबाडला कारखान्यात कामाला होता. स्थळ चांगलं होतं, मी स्वतः चौकशी केली होती.

आता लग्न म्हटलं की मांडव आला आणि मांडव म्हटला की मेढ आली. मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब, उंबराच्या फांदीचा. पाच सुवासिनी तिची पूजा करतात आणि मगच बाकीचा मांडव उभा राहतो. लग्न झाल्यावर मांडव उतरवतात, मेढ मात्र अंगणात तशीच सोडतात. बहुतेक वेळा ती उन्हात वाळून जाते आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण एखादीला पालवी फुटली, तर त्या पाड्यावर पुरणपोळीचा आनंद. मेढ फुटली म्हणजे लेकीचा संसार बहरणार, वाढणार.

धाकलूला हे नशिबावर सोडवेना. मला टेम्पो घेऊन ओढ्यापर्यंत नेलं आणि उंबराची एक फांदी निवडली. पोटरीएवढी जाड, बुडाकडे झोकदार बाक. अंगणात आणून बुडाची साल खरवडली. रुपा पावडरीची डबी घेऊन उभी होती, हळदीच्या आदल्या दिवशी. बापाने खड्ड्यात आधी रेती घातली, मग कुजलेला पाला, मग फांदी.

"बा, हे चालतं का रे?" ती हसत म्हणाली.

"न चालायला काय झालं? देवाला मदत केली तर देव रागावतो काय?"

लग्न थाटात झालं. पावसाच्या तोंडावर मेढीला लालसर पानं फुटली. हिराबाई सुनेला माहेरी सोडायला आली, तेव्हा ती पानं बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मेढीला कपाळ टेकलं. एवढ्यावर तरी धाकलूने थांबावं! तो म्हणाला, "विहीणबाई, माझ्या हातची मेढ हाय. मी हात लावला का देव आत येतो."

ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. पुढच्या लग्नसराईत पाच पाड्यांवरून माणसं धाकलूकडे मेढ न्यायला आली. तो प्रत्येकाकडे जायचा, एकटाच खड्डा भरायचा, पावडर लावताना कोणाला जवळ येऊ द्यायचा नाही. त्याच्या मेढी फुटायच्या. भिंतीतली झाडं काढणारा माणूस आता मांडवात पाटावर बसू लागला, त्याच्या कपाळाला पहिला टिळा लागू लागला. मी म्हटलं, "दादा, सांगून टाक लोकांना. पावडर लावली की फुटते म्हणावं, सगळ्यांनाच उपयोग होईल."

"त्यांना आनंद हाय, मला मान हाय. कोणाचं काय जातं?"

त्याच वर्षी श्रावणात गुप्तेबाई आल्या. अंगणात पाऊल टाकलं आणि त्या बाकदार उंबरापुढेच थबकल्या. "उंबराचं बोन्साय कोणी करत नाही हो, पानं मोठी असतात. पण हे खोड बघा! असं खोड मी आजवर पाहिलं नाही. हे कुठून आणलंत?"

असं खोड पाहिलं नाही. झालं. धाकलूची छाती फुगली. ही माझ्या लेकीची मेढ आहे, एवढं एक वाक्य त्याने बोलायला हवं होतं, तर बाईंनी त्या झाडाला बोटही लावलं नसतं. तो म्हणाला, "तुमच्यासाठीच वाढवलंय, बाई."

मंगळीने त्याचा हात धरला. ती सहसा पाहुण्यांपुढे येत नसे, त्या दिवशी आली. "ही नको देऊ. काय पण दे, ही नको."

"मीच लावली, मीच फुटवली," तो तिला घरात नेऊन म्हणाला. मी दारातच होतो, मला सगळं ऐकू आलं. "त्यात देवबिव काय बी नाय. तुला ठाऊक नाय का?"

तिला ठाऊक होतं. तरी ती रडली. झाड टेम्पोत चढलं. त्याच खड्ड्यात धाकलूने उंबराची दुसरी फांदी लावली, तीही जगली. आपल्या हातातून गेलेली कुठलीही गोष्ट भरून काढता येते, असा त्याचा समज होता.

इकडे रुपाला दिवस राहत नव्हते. एक वर्ष गेलं, दोन गेली, तिसरं लागलं. मुरबाडच्या डॉक्टरांनी दोघांना तपासायला बोलावलं. रुपा गेली, तिच्यात दोष निघाला नाही. हरेश गेलाच नाही. हिराबाईबद्दल मी खोटं सांगणार नाही, पहिली दोन वर्षं तिने सुनेला लागेल असा शब्द काढला नव्हता. उलट तिसऱ्या वर्षी तीच म्हणाली, चल, तुझ्या माहेरी जाऊ, तुझ्या मेढीची ओटी भरू, देव ऐकेल.

ओटीचं ताट घेऊन सासू-सुना उंबरमाळीला आल्या. हिराबाई अंगणात उभी राहिली आणि तिने ताट खाली ठेवलं. "माझी मेढ वाकडी होती," ती म्हणाली. "ही सरळ हाय."

धाकलूला खोटं बोलायला सुचलं नाही. एरवी सुचायचं. मेढ ठाण्याला दिली, हे त्याच्या तोंडून निघालं.

हिराबाई ओरडली नाही. ताटातला नारळ तिने पिशवीत परत घातला. "आठ दिवसांत माझी मेढ आणा. माझ्या अंगणात बैठक बसेल. मग रुपाचं काय ते ठरेल."

म्हणजे रुपाने त्या घरात राहायचं की नाही, ते ठरणार होतं. रुपाला तिथे राहायचं होतं. हरेश वाईट नवरा नव्हता, तिचा जीव होता त्याच्यावर. तिने मला बाजूला घेऊन विनवलं, "महेंदरदादा, बाला घेऊन ठाण्याला जा. कसंही करून आणा."

गेलो. गुप्तेबाईंच्या गच्चीत ते झाड होतं. खरं सांगतो, मी ओळखलं नाही. उथळ ट्रेमध्ये, गुडघ्याला लागेल एवढं, शेंडा छाटलेला, फांद्यांना तार गुंडाळलेली, पानं बारीक केलेली. बाक मात्र तोच. दिसायला सुंदर होतं, त्यात वाद नाही. हकिकत ऐकून बाई खाली बसल्या. "धाकलू, तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. झाड त्यांनी लगेच दिलं. फक्त बजावलं, ऊन कडक आहे, आता मुळं उघडू नका, पाऊस लागला की मगच जमिनीत लावा. म्हणून झाड ट्रेसकट आणलं. वाटेत मी धाकलूला शंभरदा सांगितलं, बैठकीत एकच बोल. लोक विचारतील तेव्हा पावडरीचं सांग. मेढ देवाने फुटवली नव्हती, तू फुटवली होतीस. मग ती उपटली काय आणि राहिली काय, पोरीच्या कुशीशी तिचा संबंध नाही. तो खिडकीबाहेर बघत हूं हूं करत होता.

हिराबाईच्या अंगणात जातीची म्हातारी माणसं घोंगड्यांवर बसली होती. मध्ये तो ट्रे ठेवला. बायका पुढे झाल्या आणि बघून मागे सरल्या.

"हिचा शेंडा कुठं गेला?" हिराबाईने विचारलं.

"शेंडा मारावा लागतो, विहीणबाई."

"मुळं?"

आणि काय सांगू तुम्हाला, त्या माणसाच्या तोंडावर तेज आलं. समोर माणसं होती, विषय झाडाचा होता. मुळं कशी धुतात, जाड मूळ कसं कापतात आणि बारीक कसं राखतात, तार कधी घालतात, किती कमी मातीत झाड जगतं, हे तो हातवारे करून सांगू लागला. असं झाड शंभर वर्षं जगेल, म्हणाला. रुपा दारात उभी होती. तिने पदर तोंडात धरला होता.

"आणि फळं?" हिराबाईने हळूच विचारलं. "उंबराला फळं धरतात ना?"

"धरली होती की. बाईंनी खुडली. खुडावीच लागतात, नायतर खोड भरत नाय."

हरेश उठला आणि म्हाताऱ्यांकडे बघून म्हणाला, "ऐकलं ना? मुळं छाटली, फळं खुडली. आता मी काय करू?"

तेव्हा रुपा दारातून बाहेर आली. त्या बैठकीत बाईमाणसाने न विचारता बोलायचं नसतं, तरी बोलली. "बा, पावडरीचं सांग."

"कसली पावडर?" मधल्या म्हाताऱ्याने विचारलं.

धाकलूने वर बघितलं. समोर बसलेल्यांपैकी दोघांच्या घरी त्याच वर्षी त्याने मेढी लावल्या होत्या. ते दोघे त्याच्याकडे मोठ्या विश्वासाने बघत होते. बोलला असता, तर त्यांना कळलं असतं की ज्याला आपण पाटावर बसवलं त्याने आपल्याला फसवलं. त्याचा पाट गेला असता, टिळा गेला असता. पोरगी मात्र राहिली असती.

"पोरगी भ्यालीय," तो म्हणाला. "काय पण बोलते."

मला राहवलं नाही. मी उभा राहून सगळं सांगितलं, साल, रेती, डबी, सगळं. म्हातारा माझ्याकडे न बघता धाकलूला म्हणाला, "हा कोण?"

"डायवर हाय," धाकलू म्हणाला. "त्याला झाडातलं काय कळतं?"

इतकी वर्षं मी त्याच्या घरी जेवलो. त्याच्या पोरीच्या लग्नात अक्षता वाटल्या. डायवर हाय! त्या शब्दाचा राग मी विसरलो असतो, पण तो शब्द बोलून त्याने रुपाच्या गळ्यावर सुरी फिरवली, ते विसरता येत नाही.

बैठकीने सांगितलं, मेढ परत जमिनीत लावा, तिने फळ धरलं की सुनेला आणू. तोवर तिने माहेरी राहावं. रुपाने हरेशकडे बघितलं. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

परतताना रुपा टेम्पोत मागे बसली, आपल्या कपड्यांच्या गाठोड्यापाशी. मी पुढे ये म्हटलं, ती आली नाही. धाकलू माझ्या शेजारी, मांडीवर ट्रे. किन्हवली मागे पडली तेव्हा तो म्हणाला, "पाऊस लागू दे. बघ कशी जोरात फुटते." मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो, थोडा वेळ रस्त्याकडेला उभा राहिलो आणि मग पुन्हा चढलो. त्याला तिथेच उतरवलं असतं, पण मागे पोरगी होती.

झाड पावसाळ्यात त्याने जमिनीत लावलं. ते खरंच तरारलं. पण फळ धरायच्या आत, पुढच्या वैशाखात, हरेशचं दुसरं लग्न झालं. कोणी कळवलं नाही. बाजारात रुपाच्याच कानावर आलं.

मी धाकलूची भाडी बंद केली. गुप्तेबाईंनीही त्याच्याकडून झाडं घेणं सोडलं. त्यांनी मला निरोप दिला होता, त्यांच्या ओळखीच्या रोपवाटिकेत बाई हवी आहे, रुपाला विचारा, तिच्या हाताला कलमाची सवय आहे. तो निरोप घेऊन मी पाड्यावर गेलो. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर धाकलूचा गर्व उतरला असेल.

अंगणात पाहुणे होते. डोळखांबकडची माणसं, लग्न चार दिवसांवर, मेढ न्यायला आलेली. धाकलू खांद्यावर उंबराची फांदी घेऊन उभा, आणि बोलणं चालूच. माझ्या हातची मेढ. मी हात लावला का. तेच सगळं, शब्द न बदलता.

रुपा पडवीत भात पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि ती पाहुण्यांपुढे आली. आवाज चढवला नाही. "काका, बुडाची साल खरवडा, पांढरी पावडर लावा, खड्ड्यात रेती घाला. कोणी पण लावली तरी फुटंल. त्यात दुसरं काय नाय. माझ्या मेढीला मीच पावडर लावली होती."

पाहुण्यांतल्या थोरल्याने तिच्याकडे एकदा बघितलं. कपाळाकडे, गळ्याकडे. तिची कथा त्यांच्या गावातही पोचली होती. तो धाकलूकडे वळला. रागावलासुद्धा नव्हता, आजारी माणसाबद्दल बोलावं तसा समजुतीने बोलला, "धाकलूबाबा, पोरीला आत ठेव. आमी शुभकामाला आलोय. टाकलेल्या बाईनं मेढीसमोर उभं राहू नये."

रुपा हलली नाही. ती बापाकडे बघत होती. मंगळी दारात होती, मी आंब्याखाली होतो, सगळे त्याच्याकडेच बघत होतो. धाकलूने फांदी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"आत जा," तो म्हणाला.

रुपा आत गेली.